उलटा फंड आणि डॉक्टर सबनीस

डॉ. अवधूत सबनीस लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या घरात सकाळी नऊपासून लॅपटॉपवर डाफरत होते. चौतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात भूल देऊन निवृत्त झालेला हा माणूस परीक्षेत नापास झाला होता.

झालं असं. त्यांची मुलगी ईशिता केंब्रिजला संशोधन करते. तिथे तिने फ्लॅट ठरवला होता आणि सहा आठवड्यांत चाळीस हजार पौंड डिपॉझिट भरायचं होतं. ते बाबा देणार होते. पैसे होते, पण शेअरच्या फंडात, आणि बाजार आपटणार याची डॉक्टरांना खात्रीच पटली होती. तरी विकायचं नाव नको! एकदा घाईने काही शेअर विकले आणि ते नंतर तिपटीने वाढले, तेव्हापासून विकणं म्हणजे त्यांना हार मानल्यासारखं वाटे.

मग त्यांनी उलटा फंड शोधून काढला. बाजार पडला की हा चढतो, तोही तिप्पट. अमेरिकेतला फंड इथल्या साध्या ग्राहकाला मिळेना, कारण इथल्या कायद्याला लागणारं माहितीपत्रक त्या फंडाने काढलेलं नव्हतं. लंडनचा मिळत होता, पण आधी म्हणे, जोखीम कळते का ते तपासायला काही प्रश्नांची उत्तरं द्या. डॉक्टरांनी भराभर पर्यायांवर खुणा केल्या. ऑपरेशनआधी पेशंटपुढे संमतीचा फॉर्म धरून ‘इथे सही करा, फॉर्मॅलिटी आहे’ म्हणायची सवय हाडीमाशी खिळलेली; त्याच हाताने त्यांनी स्वतःचाही फॉर्म न वाचता भरला. नापास! पुन्हा प्रयत्न करायला तीस दिवसांसाठी दार बंद!

त्यांनी फंड विकणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाली, हे तुमच्याच संरक्षणासाठी आहे.

“माझं संरक्षण?” डॉक्टर कडाडले. “मी हजारो माणसं झोपवली आणि धडधाकट उठवली! मला एक बटण दाबता येणार नाही?”

बाईने परत तेच वाक्य म्हटलं. त्यांनी फोन आपटला.

“पण चुकलं काय?” त्यांच्या पत्नी सुलक्षणाताईंनी विचारलं. लग्नाआधी त्या पुण्यात गणित शिकवत. चुकलेला प्रश्न स्क्रीनवर वाचून त्यांनी पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. “हे बघा. तिप्पट राहू दे, साधा उलटा धरा. शंभराचा बाजार आज दहा टक्के पडला, नव्वद. उद्या दहा टक्के चढला, नव्याण्णव. आता तुमचा फंड. आज एकशेदहा, उद्या दहा टक्के गेले, तोही नव्याण्णव. दोन्हीकडून मार! हिशेब रोज नव्याने होतो, अहो.”

“कळतं मला!” ते ओरडले. कळलं होतं ते आत्ता, आणि त्याचाच संताप होता.

संध्याकाळी ईशिताचा फोन आला. त्यांनी तावातावाने सगळं सांगितलं: नियम, ती बाई, तीस दिवस. ती शांतपणे ऐकत होती.

“बाबा, पडणार वाटतं ना तुला? मग विकून टाक ना.”

“आणि नंतर चढला तर?”

“चढू दे. मला घर पाहिजे. तुला बरोबर ठरायचंय.”

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि लॅपटॉप पुढे ओढला.

“विकतोय,” ते बायकोवर खेकसले. “पण उद्या चढला ना, तर मला कोणी काही बोलायचं नाही!”

“नाही बोलणार,” ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी या वेळी स्क्रीनवरची ओळ न् ओळ वाचली आणि मग विक्रीचं बटण दाबलं.