मिस लव्हेडाची शाबासकी

आमच्या गावात मिस लव्हेडा प्रुइटने कुणाला शाबासकी दिली की त्याच्या घरचे काळजीत पडतात. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. त्याला वाटतं, म्हातारी किती गोड बोलते. गोड! पश्चिम टेक्ससमधल्या या सपाट, वाऱ्याने सुकवलेल्या गावात तिचा जन्म गेला, आणि गोड म्हणून तिने फक्त पीकन पाय केला, अक्रोडासारख्या दाण्यांचा भाजलेला पदार्थ. तोही आपण खात असताना शेजारी उभी राहून कसा खायचा ते सांगते.

तिचा माझा संबंध खुर्चीचा. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमवर मधल्या रेषेसमोरच्या खुर्च्या आमच्याकडे वारशाने मिळतात. घटस्फोट झाला तर गाई-घोड्यांआधी त्यांच्यावरून भांडण होतं. माझ्या वडिलांनी मला हार्डवेअरचं दुकान ठेवलं आणि मिस लव्हेडाच्या शेजारची खुर्ची ठेवली. दुकान बरं चाललंय. खुर्चीने माझा डावा कान खाल्ला.

निवृत्त होईपर्यंत ती शाळेची बस चालवायची. गावातला एकेक पोरगा तिने डोक्यावरच्या आरशातून पाहिलेला. कोण डबा सांडून दुसऱ्यावर ढकलतो, कोण मार खाऊन रडतो, कोण मार खाऊन हसतो, हे त्या पोराच्या बापाआधी तिला ठाऊक असायचं. पुढे त्यातलाच एखादा मोठा होऊन संघाचा क्वार्टरबॅक झाला, की शुक्रवारी संध्याकाळी खुर्चीत बसून ती त्याची झाडाझडती घ्यायची, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल अशी.

"अरे, पायाखाली डिंक सांडलाय का? हल की जरा!"

"ज्याच्याकडे फेकायचंय त्याच्याकडेच टक लावून बघतोस! मागणी घालायचीय का त्याला?"

आता क्वार्टरबॅकचं काम सांगायला सोपं. चेंडू हातात येतो, समोरून वळूंसारखी पोरं अंगावर धावून येतात, आणि तेवढ्यात आपलं कोण मोकळं आहे ते हेरून त्याच्याकडे फेकायचा. गावात प्रत्येकाला ते जमतं, फक्त बसल्या जागेवरून. पण मिस लव्हेडाच्या बोलण्याला वजन होतं, कारण ज्याच्यात काही दम आहे त्यालाच ती शिव्या द्यायची. "मिस लव्हेडाने आमच्या पोराला आज गाढव म्हटलं!" असं आया एकमेकींना फोन करून सांगायच्या. आणि ज्याच्यावर तिने पाणी सोडलं असेल, त्याचं ती कौतुक करायची. कर्बी स्टोव्हल नावाच्या पोराबद्दल ती एकदा म्हणाली, "किती सुंदर दात आहेत याचे." पुढच्या शुक्रवारी कर्बी राखीव खेळाडूंच्या बाकावर. आज तो विमा विकतो, चांगला खाऊनपिऊन सुखी आहे, पण कुणी दातांचं नाव काढलं की त्याचं जेवणावरून मन उडतं.

त्या वर्षी आमचा क्वार्टरबॅक होता ब्रॉक नावाचा, शेवटच्या वर्षातला दांडगा पोरगा. कोच ह्युलेटने त्याला घोड्यावर बसायची मनाई केली होती, बैलावर बसायची केली होती, मोटरसायकलला हात लावायचीही केली होती. लहान बहिणीच्या वाढदिवसाला अंगणात उड्या मारायची जाळी बांधतात, हे बिचाऱ्या कोचच्या डोक्यात आलं नाही. ब्रॉक जाळीवरून उडाला तो थेट केकच्या टेबलावर. खांद्याचं हाड मोडलं आणि त्याचं वर्ष संपलं.

राहिला कोण? दहावीतला कॉय प्रुइट. मिस लव्हेडाचा नातू. तोवर त्याचं काम एकच होतं, स्वच्छ कपडे घालून कोचच्या मागे उभं राहायचं.

त्याचा पहिला सामना मी विसरणार नाही, प्रयत्न करून पाहिला तरी. पहिला चेंडू त्याने बँडमधल्या तुतारीवाल्याकडे फेकला. तुतारीवाल्याने झेललाही. मग दोनदा तो समोरच्यांच्या हातात दिला, घरी आलेल्या पाहुण्याला चहा द्यावा तितक्या अदबीने. समोरची पोरं त्याला आपटत होती, तो उठत होता. मध्येच एक चेंडू मात्र त्याने असा लांब, असा सरळ फेकला की सगळं स्टेडियम उभं राहिलं. आम्ही हरलो. आणि इतका वेळ माझ्या डाव्या कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, गेला कायमचा. पण मिस लव्हेडाच बोलत नव्हती. हातात लोणच्यातली काकडी धरून ती गप्प बसली होती.

शनिवारी सकाळी कॅफेत सगळे जमले. आमच्याकडे शुक्रवारचा निकाल शनिवारी लागतो, आकडे काही का असेनात. कापसाच्या गिरणीतून निवृत्त झालेला डॉयल खाकरला आणि म्हणाला, "काय मग, मिस लव्हेडा? नातवाचं काय म्हणणं तुमचं?"

सगळ्यांचे काटे-चमचे हवेत थांबले.

"छान खेळला," मिस लव्हेडा म्हणाली. "कपडे किती नीटनेटके होते त्याचे."

डॉयलने डोक्यावरची टोपी काढली. "मला फार वाईट वाटलं, मिस लव्हेडा," तो हळूच म्हणाला.

दुपारपर्यंत गावभर झालं. कॉयची आई शार्ला, तिच्या दारात बायका कॅसरोल घेऊन उभ्या राहू लागल्या. ओव्हनमध्ये केलेला हा बटाटे-चीजचा लगदा आमच्याकडे कुणी गेलं की त्याच्या घरी नेतात. शार्लाने एकीला विचारलं, "अगं, कोण गेलं?" तर ती डोळे पुसत म्हणाली, "धीर धर."

रविवारी चर्च सुटल्यावर मी मिस लव्हेडाला न्यायला गाडी काढली. जन्मभर गाडी चालवल्यावर आता ती स्टीअरिंगला हात लावत नाही. दुसऱ्याला शेजारी बसून शिकवते. एवढ्यात कॉय आला. मान लांब, कान मोठे, चर्चचा शर्ट गळ्यापर्यंत बंद.

"मीमॉ," आजीला तो मीमॉ म्हणतो, "तू मला छान म्हणालीस?"

"म्हणाले. मग?"

"कपड्यांचं पण बोललीस?"

"नीटच होते की."

"ब्रॉकला काय म्हणायचीस तू?"

"मेंढरू."

"त्याला मेंढरू, आणि मला कपडे!" पोराचा आवाज फाटला. "मी एवढा वाईट आहे का गं? कोच म्हणतात, तुझ्या जागी डस्टिनला उभा करून बघू. उद्या सामन्याची फिल्म दाखवून झाली की ठरवणार. मला खेळायचंय, मीमॉ. खूप खेळायचंय. पण तुला वाटत असेल की माझ्यात काहीच नाही, तर तसं सांग. मी आपणहून कोचना सांगतो, नको म्हणून."

मिस लव्हेडाने त्याच्या गालावर हात ठेवला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि काय म्हणावं?

"तुझं अक्षरही सुंदर आहे, बाळा."

कॉय मागे वळला आणि चालायला लागला. पाठ ताठ ठेवायचा प्रयत्न करत होता, ते मला बघवेना.

गाडीत बसल्यावर मी फाटकन् बोललो. "मिस लव्हेडा, तुम्ही त्या पोराला जिवंत गाडलंत. दोन शिव्या द्यायला काय झालं होतं? मला तर रोज देता."

"तुला बघून देते," ती म्हणाली.

"मग त्याला?"

तिने पट्टा उगाच सोडला आणि परत लावला. मग म्हणाली, "गेलन, मी बघितलंच नाही."

"काय बघितलं नाही?"

"खेळ. चेंडू त्याच्या हातात गेला की मी डोळे मिटत होते. लोक ओरडले की उघडायचे."

"सगळा सामना?"

"सगळा. बसमध्ये तो माझ्या मागच्याच सीटवर बसायचा रे. पाय खाली पोचायचे नाहीत त्याचे. ती धिप्पाड पोरं समोरून आली की मला तो तेवढाच दिसतो." तिने नाक ओढलं. "आणि न बघता मी आजवर कुणाला शिव्या दिलेल्या नाहीत. काही तत्त्व आहे की नाही माणसाला?"

या बाईचं काय करावं! पोराचं नशीब टांगणीला लागलंय आणि ही तत्त्व सांगतेय. पण मला तिची दयाही आली. गावाला घाबरवणारी बाई, आणि आपल्या नातवाला कुणी धक्का दिलेला तिला बघवत नव्हता.

"मग उद्या बघा," मी म्हणालो. "फिल्मला चला."

"आणि डोळे मिटले तर?"

"मी चिमटा काढेन."

"हिंमत आहे तुझी?"

"नाही," मी म्हणालो. "पण काढेन."

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या कॅन्टीनमध्ये कोच ह्युलेट गावाला शुक्रवारचा सामना पडद्यावर दाखवतो. ही आमची जुनी पद्धत. कोचला ती आवडत नाही, पण गावाला आवडते, आणि कोचचं घर गावात आहे. त्या दिवशी झाडून सगळे आले होते. कॉय आणि दोन-चार पोरं खुर्च्या मांडून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती. कॉय जमिनीकडे बघत होता.

कोचने दिवे बंद केले. पडद्यावर कॉयच्या हातात चेंडू आला. मिस लव्हेडाने माझं मनगट धरलं. समोरून वळू आले. कॉय आपटला. तिची नखं माझ्या कातडीत गेली, पण मी बाजूला पाहिलं तर डोळे टक्क उघडे.

"कोच, परत लावा," ती म्हणाली.

कोचने परत लावलं. कॉय परत आपटला.

"परत."

असं प्रत्येक वेळी. शार्लाने तोंडावर हात घेतला होता. डॉयल पुटपुटला, "अहो, कशाला छळ करून घेता?" त्याला कुणीतरी गप्प केलं. ती बघतच राहिली, पुढे वाकून, बसच्या आरशात बघायची तशी. माझ्या मनगटाची मला आठवणही उरली नव्हती, इतकं ते बधिर झालं होतं.

दिवे लागले तशी ती उभी राहिली.

"कॉय प्रुइट, मान वर कर. तू गाढव आहेस."

सगळ्या कॅन्टीनने श्वास सोडला. शार्ला शेजारणीच्या गळ्यातच पडली.

"फेकायच्या आधी चेंडूला थोपटतोस. का रे? झोपवायचंय त्याला? तू थोपटलास की समोरच्यांना कळतं, आता येणार. छाती उत्तरेला फेकते आणि पाय दक्षिणेच्या गावाला निघालेले. पहिला गडी मोकळा दिसला नाही की दुसरा बघायचा सोडून पळत सुटतोस, आणि तेही दर वेळी उजवीकडेच. डावी बाजू देवाने उगाच केली का? तुतारीवाला मोकळा होता, कबूल. पण तो आपल्यात खेळत नाही!"

कॉय ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते, आणि चेहऱ्यावर हसू असं पसरत चाललं होतं की ते लपवायला त्याने टेबल पुसायचं फडकं तोंडाला लावलं.

"आणि काही चांगलं?" डॉयलने भीत भीत विचारलं.

मिस लव्हेडाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो टोपीत शिरला. मग कोचला म्हणाली, "तो लांबचा फेकलेला लावा. आणि तो समोरचा दांडगा अंगावर यायच्या क्षणाला थांबवा."

पडद्यावर चित्र थांबलं. दांडगा पोरगा हातभर अंतरावर, कॉयचा हात मागे गेलेला.

"बघा याचे डोळे," ती म्हणाली. आता तिचा आवाज शुक्रवारचा नव्हता. "उघडे आहेत. याला माहीत आहे आता जोरात बसणार. तरी हा लांब बघतोय, कोण मोकळा आहे ते. मग आपटला, उठला, आणि पुढच्या वेळी परत तसाच उभा. पायाचं कोचनी शिकवावं, त्याचाच पगार आहे त्यांना. हे कुणाला शिकवता येत नाही. मी बापजन्मी..." ती थांबली. सगळ्यांसमोर डोळे पुसले. "मला जमलं नाही. याला जमतं."

कोच ह्युलेटने घसा साफ केला. "मग मिस लव्हेडा, शुक्रवारी कुणाला..."

"मला काय विचारता? कोच तुम्ही आहात ना?"

"आहे," कोच म्हणाला, थोडा विचार करून. "कॉय, शुक्रवारी तूच."

पोरांनी कॉयच्या पाठीत गुद्दे घातले. त्या गडबडीतून तो ओरडला, "मीमॉ, अजून सांग ना!"

"अजून पुष्कळ आहे. आधी खुर्च्या उचल."

शार्ला टेबलावर चढायचीच बाकी होती. "आणि आपापली कॅसरोलची भांडी घेऊन जा गं सगळ्या!" ती म्हणत होती, हसत आणि रडत.

आम्ही बाहेर आलो. सूर्य कापसाच्या शेतांवर टेकला होता. मिस लव्हेडा गाडीत बसली, पट्टा लावला, आणि नेहमीसारख्या माझ्या चुका काढल्या नाहीत. मी गिअर चुकीचा टाकला तरी बोलली नाही. मला काळजी वाटली.

"गेलन," शेवटी ती म्हणाली, "तो दहावीत आहे ना रे?"

"हो."

"म्हणजे हे वर्ष आहे, आणि आणखी दोन."

"हो."

"दर शुक्रवारी."

"खुर्ची द्यायची असेल तर गिऱ्हाईक आहे," मी म्हणालो.

"गप्प बस," ती म्हणाली. मग म्हणाली, "हात दे इकडे."

मी एक हात दिला. मनगटावर तिच्या नखांचे वळ टपोरे उठले होते, एका ठिकाणी रक्तही आलं होतं. ते तिने मावळत्या उजेडात धरून नीट निरखले, आणि हात हळूच माझ्या मांडीवर परत ठेवला.

"शुक्रवारी लांब बाह्यांचा शर्ट घालून ये," ती म्हणाली.