पावणं, वाचा की

"पावणं, वाचा की," असं म्हणून आक्का खुर्ची मागे सारायच्या, चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मग आपण लिहिलेला कोड मोठ्यानं वाचून दाखवायचा. ओळ न् ओळ, कंसासकट. शाळेतलं प्रकटवाचनच म्हणा ना. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात तुम्हाला हे दिसायचं नाही.

मी पुण्याहून कोल्हापुरात गेलेलो, म्हणून पावणं. पहिल्या दिवशी ठीक होतं, पण आठ महिन्यांनीही तेच. "मी ऐकतो, तुम्ही वाचा," म्हणायच्या. तिथल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात हे कळेपर्यंत मी दचकायचो.

गावोगावच्या डेअऱ्यांत दूध नोंदवायचा प्रोग्राम आक्कांनी वीसेक वर्षांपूर्वी एकहाती लिहिला होता. तो आता नव्या भाषेत उतरवून ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना खुला करायचा होता. आम्ही पाच जण लिहायचो. कुणी काय लिहायचं आणि कुणाचं कुठं जोडायचं, हे आक्का ठरवायच्या. मधुमेहानं त्यांची नजर चालली होती. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची भाषा केली होती. जुनी कुठली ओळ कशासाठी, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दिसतंय तोवर रिलीज व्हावं एवढाच त्यांचा हट्ट होता. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

जुन्या कोडातली अक्षरं इंग्रजी, पण शब्द तिथलेच. म्हस, गाय, धार. शेवटच्या आठवड्यात माझ्या वाट्याला 'पावणे' नावाचा भाग आला. पावणेदोन, पावणेतीन असतं ना, त्यातलं पावणे, म्हणजे पाव कमी. दुधावरच्या फेसाची कपात असणार, असा मी तर्क लढवला आणि नोंदीतून पाव लिटर वजा केलं. दोघांनी तपासलं. दोघेही पुण्याचेच. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

आक्कांसमोर वाचताना त्या ओळीवर आलो. "पावणे असेल तर पाव लिटर वजा."

त्यांनी डोळे उघडले. "कुणाचं दूध कापताय?"

मी फेसाचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. खातं नसलेला कुणी एखाद्या वेळी डेअरीत दूध घालायला आला, तर त्याची नोंद 'पावणे' खाली व्हायची. मला दिवसभर जी हाक मारली जायची, तोच शब्द. लिहिलेला मला ओळखता आला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांचं हसू गेलं. "त्याचं दूध कमी भरलं असतं, तर त्यानं भांडायचं कुणाशी? तिथं त्याला वळखतंय कोण?"

नाव बदलून 'गेस्ट' करू, असं कुणीतरी सुचवलं. त्या नाही म्हणाल्या. शेजारी टीप मात्र लिहून घेतली: पावणं म्हणजे ज्याचं नाव वहीत न्हाय, पण दूध खरं हाय.

रिलीज दिवाळीच्या आधी झालं. त्यानंतर आक्का ऑफिसात आल्या नाहीत. आम्ही आता कोड मनातल्या मनात वाचतो. चुका राहतात.

उन्हाळ्यात केरळातल्या एका अनोळखी मुलीनं त्या कोडात सुधारणा करून पाठवली. तिनं निम्मा भाग बदलला होता, 'पावणे' तेवढं तसंच ठेवलं होतं. तो कोड कागदावर छापून घेऊन मी आक्कांच्या घरी गेलो. त्या दारातच बसल्या होत्या. माझ्या दिशेनं त्यांनी तोंड वळवलं, पण नजर माझ्यावर नव्हती.

"कोण हाय?"

"आक्का, पावणं."

"पावणं कशाचं आता," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. "बस. वाच की."

मी वाचायला लागलो, कंसासकट. आक्कांनी सवयीनं डोळे मिटून घेतले.