स्कार्फची दोन टोकं

पुण्यात स्कार्फ म्हटलं की लोकांना एकच चित्र दिसतं: डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळून स्कूटर हाकणारी बाई. मीही रोज तशीच गुंडाळून कंपनीच्या बसपर्यंत जाते. पण मी जेव्हा 'माझा स्कार्फ' म्हणते तेव्हा तो हा नव्हे. तो लोकरीचा, हिरवा-पांढरा, दोन्ही टोकांना झालर असलेला, मधोमध फुटबॉल क्लबचं नाव विणलेला. हो, पुण्याचा फुटबॉल क्लब. होता एक. हे वाक्य मला दर वेळी नव्याने सांगावं लागतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

बाबांनी तो पहिल्याच सामन्याला घेतला. दुकानदाराने दोन काढून ठेवले होते, बाबांनी एक परत केला. संघ मैदानात आले की सगळ्यांनी स्कार्फ दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचा असतो, आणि बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. हडपसरच्या कारखान्यात मशीनवर काम करताना तो जायबंदी झाला होता. म्हणून डावं टोक त्यांच्या डाव्या हातात, उजवं माझ्या उजव्या हातात, असा आम्ही दोघांत एकच स्कार्फ धरायचो. शेजारचे लोक हसायचे. बाबा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

सात वर्षं आम्ही गेलो. विश्रांतवाडीहून बालेवाडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, दोन बस बदलून. सामन्याच्या दिवशी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सकाळीच थालीपिठांचा डबा भरून द्यायची. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. आई गेल्यावर घर तिनेच चालवलं. बाबा थालीपीठ खाऊन हात आणि तोंड आपल्या टोकाला पुसायचे आणि मी ओरडायचे. माझ्या टोकाची झालर मी पेनल्टीच्या वेळी वेण्या घालून घालून पार वळून टाकली होती. हंगाम संपेपर्यंत स्कार्फ धुवायचा नाही, असा बाबांचा नियम होता. धुतला की संघ हरतो म्हणे. संघ तसाही हरायचाच, पण नियम तो नियम.

मग एके दिवशी ऐन हंगामातच क्लब बंद झाला. बंद झाला म्हणजे काय, मालकांनी दुकान आवरावं तसा आवरला. मोबाइलवर चार ओळींचा मेसेज आला, त्यात 'आपल्या प्रेमाबद्दल आभार' असं लिहिलेलं. आभार! भर उन्हात गळ्यात लोकर गुंडाळून आम्ही बसलो, घसा फोडला, हरलेल्या संघासाठी टाळ्या वाजवल्या, आणि निर्णय घेताना आम्हाला साधं विचारलंसुद्धा नाही. खेळाडू तरी दुसऱ्या गावच्या संघात गेले. आम्ही कुठे जायचं? बाबांनी तो मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाले, "विचारायचं तरी होतं एकदा." पुढे कित्येक महिने ते जेवताना मधूनच हे वाक्य म्हणायचे.

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक मुलगा बसतो. त्याच्या खुर्चीवर इंग्लंडच्या एका क्लबचा स्कार्फ असतो, एसीत घालायला. तो कधी त्या देशात गेलेला नाही. त्याचा क्लब हरला की तो दिवसभर जेवत नाही आणि सगळे त्याची समजूत काढतात. माझ्या क्लबबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पण तो रिअल क्लब थोडाच होता." त्या दिवसापासून मी त्याला चहाला विचारत नाही.

क्लब गेल्यावर पुढच्याच वर्षी बाबाही गेले. हंगाम संपलाच नव्हता, त्यामुळे स्कार्फ धुतलाच नव्हता. तो घडी करून त्यांच्या कपाटात ठेवला होता. त्यांचा खोबरेल तेलाचा वास, थालीपिठाचा वास, सगळं त्यात होतं. तो वास तिथे आहे एवढ्या भरवशावर माझं बरं चाललं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. हडपसरला बारसं होतं. पहिल्या बाळाची गोधडी आमच्याकडे घरातल्यांच्या वापरलेल्या कपड्यांची शिवतात. नवं कापड चालत नाही, अंगावर मऊ झालेलंच लागतं. ती आत्याने शिवली होती. बायका कौतुकाने बोट लावून विचारत होत्या, हे कुणाचं, ते कुणाचं. आईची निळी साडी, बाबांचा चौकड्यांचा शर्ट, माझी शाळेची ओढणी. आणि कडेला हिरवा-पांढरा तुकडा, त्याच्या टोकाला वळलेल्या वेण्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळ पाळण्यात, बायका पाळणा म्हणतायत, आणि मी ओरडले, "आत्या, हा कापलास तू?"

पाळणा थांबला. आत्या शांतपणे म्हणाली, "कापला. मळलेला होता. दोनदा साबण लावला तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आलं."

दोनदा! मी आणखी काय काय बोलले ते लिहीत नाही. भावाने मला गॅलरीत नेलं. "ताई, एक कापडाचा तुकडा आहे," तो म्हणाला. त्याच्याशीही मी भांडले. हडपसरहून विश्रांतवाडीपर्यंत रिक्षात मी आत्याकडे पाठ करून बसले. ती मांडीवर पेढ्यांचा बॉक्स धरून बाहेर बघत होती.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं, "दुसरं टोक कुठंय? बाबांचं? शिलाई मशीन पुसायला घेतलंस का?"

"नाही."

"मग कुठंय? मला आत्ताच्या आत्ता हवंय. मला न विचारता तू त्या कपाटाला हात लावलासच कसा?"

"ते कपाट तू शेवटचं कधी उघडलंस?" आत्याने विचारलं. आतला स्कार्फ गेलाय हेही मला बारशात कळलं होतं.

तिने आपलं लाकडी कपाट उघडलं. साड्यांच्या खालून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला अर्धा स्कार्फ काढला. कापलेली कड तिने हातशिलाईने बारीक दुमडून घेतली होती. थालीपिठाचा तेलकट डाग जसाच्या तसा होता. हा तिने धुतला नव्हता. वास माझ्यापर्यंत आला.

"तुझं टोक बाळाला दिलं. तू हयात आहेस, तुझा वास तुझ्या अंगाला आहे," आत्या म्हणाली. "दादाचं मी ठेवलं."

"का पण? स्कार्फ आमचा होता. बाबांचा आणि माझा. तू तर कधी सामन्याला आलीसही नाहीस!"

आत्या कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "सात वर्षं डबे भरले मी," ती म्हणाली. "थालीपिठं गार होऊ नयेत म्हणून फडक्यात गुंडाळून दिली. तुम्ही दोघं दारातून 'येतो' म्हणून जायचात आणि मी चपला आत घ्यायचे. चल म्हणून कधी विचारलंत मला? दादाने नाही विचारलं. तूही नाही."

"तुला फुटबॉल आवडतो?" हे विचारताना माझा मलाच राग आला.

"मला काय माहीत? मी बघितलाच नाही कधी."

मी स्कार्फ घ्यायला हात पुढे केला होता. तो मागे घेतला. आत्याने तुकडा पुन्हा वर्तमानपत्रात ठेवायला घेतला, मग थांबली आणि विचारलं, "दादा कुठल्या हाताने धरायचा?"

"डाव्या," मी म्हटलं.

तिने झालरीचं टोक डाव्या हातात धरलं आणि हात डोक्यावर नेला. कापलेलं टोक तिच्या कोपराशी लोंबत राहिलं. ते मी धरलं.

'येत्या रविवारी तुला नेते' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण न्यायला आता क्लबच नाही.