शिगवणांच्या वतीने मी बोलले

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलाला नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि तिच्यापासून मी आजवर काय लपवलंय? काही नाही. हे एवढंच. वीस-बावीस वर्षं झाली असतील. तुम्ही समोर बसलायत असं धरून बोलते. मध्येच थांबले तर जरा दम धरा, कारण मला हे सलग सांगता येईल असं वाटत नाही.

आधी मी कोण ते सांगते. नाशिकची, बी.कॉम. झालेली, तोंडाने फटकळ. दिलीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुवेतमध्ये पेट्रोकेमिकल कंपनीत नोकरी लागली तेव्हा तिथली लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती. मुलगा शाळेत जायला लागल्यावर मला घर खायला उठलं. मग फरवानियातल्या एका फायनान्स कंपनीच्या शाखेत चिकटले. कामगारांना कर्ज द्यायची कंपनी. काउंटरवर बसून बसून वर्षभरात अरबी शिकले. चुकतमाकत नाही हं, चांगलं शिकले. मला त्याचा भारी तोरा होता.

आणि तिथे एक रीत होती. आपल्या माणसाचं ऑफिसातलं काम आपल्याच माणसाने करून द्यायचं. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना असो, बँक असो, दवाखाना असो, ज्याला भाषा येते त्याने बरोबर जायचं आणि बोलायचं. पैसे घ्यायचे नाहीत. शुक्रवारी आमचं मराठी मंडळ जमायचं, तिथे लोक मला वहिनी म्हणायचे आणि हळूच बाजूला घेऊन कागद दाखवायचे. किती जणांची कामं केली मी! खरंच केली. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही — म्हणजे, कदाचित तेच करतेय. असो.

वसंत शिगवण माणगावकडचे. अर्दियात एका गोदामात स्टोअरकीपर होते. साधा माणूस, बोलताना उगीच हसायचा. गावाला बायको आणि एक मुलगी. घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, स्लॅब राहिला होता. त्यासाठी कर्ज हवं होतं. दुसरीकडे व्याज कमी होतं, तरी ते माझ्याकडे आले. मी होते म्हणून आले.

आता विम्याचं सांगते, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कर्जाबरोबर आम्ही एक विमा विकायचो. नोकरी गेली किंवा माणूस आजारी पडला तर कर्जाचे हप्ते विमा भरणार, असा. त्याची सगळी रक्कम आधीच कर्जात मिळवायची, म्हणजे त्या विम्यावरसुद्धा माणूस पाच वर्षं व्याज भरणार. घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. तसं फॉर्मवर छापलेलं होतं. पण ते वाचणार कोण? मी पेन्सिलने फुल्या करून द्यायचे आणि लोक फुलीवर सही करायचे. शिगवणांनी विचारलं, हे काय आहे वहिनी? मी म्हटलं, विमा आहे, तो घ्यावाच लागतो, त्याशिवाय कर्ज पास होत नाही. पुढे हेही म्हटलं की तुमच्या भल्याचंच आहे, नोकरी गेली तर तुम्हाला घोर नको.

दोन्ही खोटं. घ्यावा लागत नव्हता. आणि त्यांची नोकरी कराराची होती. करार संपून नोकरी गेली तर हा विमा एक पैसा देणार नव्हता. हे मला माहीत होतं. प्रत्येक विम्यामागे मला कमिशन होतं. साहेबांनी वरून सांगितलेलं होतं हे खरं, पण शिगवणांना साहेबांनी नाही, मी सांगितलं.

हाच माझा गुन्हा असता तर मी आज तुमच्याशी बोलत बसले नसते. असली खोटी बोलणी त्या काळात सगळेच एजंट करत होते. मला झोप लागत होती. पुढचं सांगायचंय.

चौथ्या वर्षी त्यांच्या गोदामाने करार वाढवला नाही. विम्याकडे अर्ज केला, तो महिन्याभरात परत आला. हप्ते थांबले. कंपनीने केस केली आणि त्यांच्यावर सफरबंदी लागली, म्हणजे कर्ज फेडल्याशिवाय देश सोडता येणार नाही. नोकरी नाही म्हणून इकामा संपला. इकामा नाही म्हणून दुसरी नोकरी नाही. आणि घरी जावं तर विमानतळावरच अडवणार. माणूस असा चहूबाजूंनी अडकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ते सुलैबियाच्या भाजीबाजारात पेट्या उचलायला लागले, पोलीस दिसला की ट्रकच्या मागे.

त्याच सुमारास आमच्या कंपनीवर वरून काहीतरी ताशेरा आला. ज्यांना विमा सक्तीचा सांगून गळ्यात मारला गेला त्यांची तक्रार ऐकायची, खरी निघाली तर विम्याचे पैसे व्याजासकट परत करायचे, असं ठरलं. मी घरी बसून शिगवणांचा हिशोब मांडला. परत मिळणारी रक्कम आणि उरलेलं कर्ज जवळपास सारखंच येत होतं. तक्रार मान्य झाली असती तर पंधरा दिवसांत ते माणगावला असते.

आणि त्यांना जायचं होतं हो. नुसतं कंटाळले म्हणून नाही. बायकोला, सुलभाला, छातीत गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणत होते ऑपरेशन करा. ती म्हणत होती, हे आल्याशिवाय मी चाकूखाली जाणार नाही. तिला कोण समजावणार? दीर होता, तो म्हणायचा भावाला येऊ दे. हे सगळं मला शिगवणांनीच सांगितलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तक्रार ऐकायला मुख्य ऑफिसात बोलावलं. आणि त्यांनी बरोबर कुणाला न्यावं? मला. मी विकलेल्या विम्याची तक्रार, आणि बोलायला मीच! दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं. पण त्यांच्या डोक्यात ती तक्रार कंपनीविरुद्ध होती, वहिनींविरुद्ध नव्हतीच. वहिनी आपल्या. वहिनींना अरबी येतं. संपलं. मी नाही म्हणू शकले असते. दुसऱ्या कुणाला तरी पाठवू शकले असते. गेले, कारण दुसरं कुणी त्या खोलीत बसायला मला नको होतं.

आत एक इजिप्शियन अधिकारी होता. वयस्कर, कंटाळलेला. फाइलवर माझी सही बघून म्हणाला, ही तूच का? मी हो म्हटलं. म्हणाला, मग बरंच झालं, तुला सगळं ठाऊकच असेल. त्याने मला बाहेर काढायला हवं होतं. पण त्याच्या पुढ्यात फाइलींचा ढीग होता.

त्याने विचारलं, विमा सक्तीचा आहे असं याला कुणी सांगितलं का?

मी शिगवणांना मराठीत विचारलं. त्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द मला आठवतो. म्हणाले, "वहिनींनी सांगितलं घ्यावाच लागतो, म्हणून घेतला. पण साहेबांना हे पण सांगा, वहिनींची काही चूक नाही, त्यांना वरून तसंच सांगितलेलं असणार."

मी अधिकाऱ्याकडे वळले आणि अरबीत म्हणाले, "विमा ऐच्छिक आहे हे याला माहीत होतं. याने स्वतः मागून घेतला. आता नोकरी गेली म्हणून पैसे परत हवेत."

हेच. हेच ते.

शिगवण माझ्याकडे बघत मान डोलवत होते. माझं अरबी इतकं सफाईदार, त्यांना कौतुक वाटत होतं. मी मुद्दाम दोन वाक्यं जास्त बोलले, कारण त्यांचं बोलणं लांब होतं आणि माझं फार आखूड झालं असतं. बघा, एवढं भान होतं मला! अधिकाऱ्याने शिक्का मारला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

जिन्यात त्यांनी विचारलं काय झालं. नियमात बसत नाही म्हणतात, असं मी सांगितलं. त्यांनी हातातले कागद घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाले, "तुम्ही केवढं बोललात माझ्यासाठी." खाली टॅक्सी थांबवली आणि माझं भाडं त्यांनीच दिलं. मी नको म्हणाले, पण एकदाच.

का केलं? एक मान्य केलं असतं तर मंडळातल्या चाळीसेक घरांनी फायली काढल्या असत्या. सगळ्या माझ्याच हातच्या. कमिशन परत करावं लागलं असतं, नोकरी गेली असती, आणि आमचा नाशिकचा फ्लॅट एखाद्या वर्षाने लांबला असता. दिलीपची नोकरी होती, आम्ही उपाशी मरणार नव्हतो. शुक्रवारी लोकांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं, ते मला सोसवलं नसतं. किती क्षुल्लक वाटतंय ना ऐकताना? मलाही वाटतं. पण होतं ते एवढंच.

सुलभा त्यानंतर चौदा महिन्यांनी गेली. ऑपरेशन शेवटी केलं, पण फार उशिरा. शिगवणांना बातमी फोनच्या दुकानात कळली. तिथल्या मल्याळी दुकानदाराने त्यांना माझ्या दारात आणून सोडलं. ते रडले नाहीत. आत आले, सोफ्यावर न बसता खाली फरशीवर बसले आणि विचारलं, "वहिनी, आता अर्ज केला तर दहाव्याला तरी सोडतील का?"

मी म्हटलं, बघू.

दहाव्याला नाही सोडलं. मग मी काय केलं असेल? मी मंडळात वर्गणी काढली. घरोघरी फोन केले, डोळ्यांत पाणी आणून बोलले — आणि ते पाणी खोटं नव्हतं, हे कसं समजावू तुम्हाला? सगळ्यात मोठी रक्कम मी घातली. तीन आठवड्यांत कर्ज फिटलं, बंदी उठली, तिकीटसुद्धा निघालं. तीन आठवडे! हे चौदा महिने आधी का नाही केलं? तेव्हाही हेच लोक होते, हेच फोन होते. पण तेव्हा कुणीतरी विचारलं असतं, यांचा विमा होता ना, त्याचं काय झालं? मेलेल्या बायकोसाठी वर्गणी काढली की असलं कुणी विचारत नाही. गणपतीत मंडळाने माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. दिलीपने टाळ्या वाजवल्या.

पुढे आम्ही नाशिकला परत आलो. शिगवण दरवर्षी दिवाळीला फोन करतात. कधी कुणाबरोबर पोहे, कधी कोकम पाठवतात. मी घेते. डब्यात भरते. आम्ही खातो.

मागच्या वैशाखात ते स्वतः आले, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. बरोबर मुलगी होती, संगीता. आई गेली तेव्हा ती जेमतेम सतरा-अठराची असेल, शेवटचं सगळं तिनेच केलं होतं. आता चाळिशीला आलेली बाई, केस पिकायला लागलेत. मी चहा टाकला. शिगवण आता काठी घेऊन चालतात, कानाने कमी ऐकतात, हसतात मात्र तसेच. दिलीपशी कुवेतच्या गप्पा मारत होते. निघताना त्यांनी मुलीला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, पाया पड, या नसत्या तर तुझा बाप तिथेच मेला असता.

ती म्हणाली, "आई शेवटपर्यंत तुमचंच नाव घ्यायची. म्हणायची, वहिनी आहेत तिथे, त्या यांना आणतील."

मग ती वाकली. दिलीप बाजूलाच उभा होता, शिगवण बघत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हटलं. पाय मागे घेतले नाहीत.