दवाखान्यातल्या सिस्टर

"मी दवाखान्यातली सिस्टर. त्या सिस्टर येगळ्या."

असं म्हणताना त्या उजव्या हाताचा पंजा पुढे धरायच्या. समोरून एस.टी. येत असती तर तीही थांबली असती.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या अजून रंगवून व्हायच्या होत्या आणि आम्ही कारकून मंडळी मात्र चारी दिशांनी येऊन थडकलो होतो. मी मुखेडचा. गंजगोलाईच्या मागे एका गल्लीत खोली मिळाली. भिंतीला भिंत लागून सिस्टरांचं घर. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. म्हटलं, "सिस्टर, तुमच्यात लग्न करत नाहीत ना?" लहानपणी बाजारात दोन नन पाहिल्या होत्या, तेवढंच माझं ज्ञान.

पंजा पुढे आला. मग त्यांनी मला आत नेऊन भिंतीवरचा फोटो दाखवला. कोट घातलेला, मधोमध भांग पाडलेला माणूस. "हे आमचे मालक. मास्तर होते. आन् माझे वडील उदगीरकडं पाळक होते, मेथडिस्ट चर्चचे. पाळक म्हंजे आमचे धर्मगुरू. त्येंनी लगीन केलं नसतं तर मी कुठनं आले असते?"

नवरा तरुणपणीच गेला होता आणि मूलबाळ नव्हतं. हे त्यांनी नाही सांगितलं, गल्लीनं सांगितलं.

त्या साली पाऊस नव्हता. आदल्या सालीही धड नव्हता. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा आणि घागरी, बादल्या, डबे रांगेत लागायचे. माणसं एकमेकांना खरी कळतात ती अशा रांगेत, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आमच्या समोर बिराजदारांचं किराणा दुकान होतं. बिराजदारकाकू कपाळाला विभूती लावून सगळ्यात पुढे उभ्या असायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्यातलेच आलेत की बिऱ्हाडाला."

आमच्याच कचेरीतले लोपीस. वसईचे. त्यांची बायको फिलोमिना, पोटुशी.

"आमच्यातले न्हाईत वो, काकू. ते क्याथलिक."

"म्हंजे पोटजात?"

"जात न्हाई. देव एकच, येशू एकच. वागनं येगळं." सिस्टरांनी बादली खाली ठेवली. हा विषय निघाला की त्या बादली खाली ठेवत. "त्येंचे फादर लगीन करीत न्हाईत. आमचे पाळक करतेत. त्येंच्यात सगळ्यांच्या वर पोप. आमच्यात पोप न्हाई. ते मारियामातेला हात जोडतेत, साधुसंतांना हाक मारतेत. आमी मारियेला मान देतो, पन प्रार्थना थेट देवाकडं."

काकूंनी जरा विचार केला. "म्हंजे तुमी थेट साहेबाकडं जाता, आन् ते साहेबाच्या आईला सांगून जातेत."

"हाव! आसंच की!"

मागून हसू आलं. फिलोमिना रांगेतच होती. म्हणाली, "मग काय चुकलं, काकू? आईचं ऐकतोच की मुलगा."

सिस्टरांनी बादली पुन्हा उचलली. आईच्या बाबतीत त्यांचं शास्त्र जरा लंगडं पडायचं. पण तेव्हापासून फिलोमिनाशी त्यांचं जमलं. दोघी बसल्या की वाद. हिची जपमाळ, तिची गीतांची वही. एकदा सिस्टरांनी बिलोलीच्या चुलतभावाची गोष्ट सांगितली. तो आणखी तिसऱ्याच पंथात गेला होता. त्या लोकांत लेकरांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा होऊन, समजून उमजून तयार झाला की त्याला अख्खाच्या अख्खा पाण्यात बुडवतात. "आन् पानी कुठाय? तळं आटलं, हिरीत गुडघाभर चिखल. भाऊ तयार होऊन बसलाय, पाऊसच पडंना!" फिलोमिना पोट धरून हसली.

मी बौद्ध घरातला. आमच्या घरानं धर्म बदलला तेव्हा मी पाळण्यात होतो. आम्हालाही लोक कुणाकुणात ढकलून मोकळे होतात. त्यामुळे असेल, पण सिस्टरांचा तो "आमच्यातले न्हाईत" मला कधी टोचला नाही. आपण नेमके कोण, ते माणसाला सांगावंसं वाटतं.

मे महिन्यातला रविवार होता. लोपीस टंचाईच्या कामावर निलंग्याकडे गेलेले. भर दुपारी टँकर आला आणि फिलोमिनाला रांगेतच कळा सुटल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. सिस्टर नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतच धावल्या. मला म्हणाल्या, "रिक्षा आन. पळ."

रिक्षा मिळवून मी परत येईपर्यंत बाळ झालं होतं. रडण्याचा आवाज नव्हता. लोपीसांच्या दारात उभा राहून मी पाहिलं ते असं. एवढासा जीव, तळहाताला पुरेल न पुरेल असा, निळसर पडलेला. सिस्टर त्याच्या तोंडात अलगद फुंकर घालत होत्या, पाठ चोळत होत्या. मधूनच एक बारीक कण्हणं, की पुन्हा शांत.

"सिस्टर," फिलोमिना जमिनीवरूनच म्हणाली, "बाप्तिस्मा द्या त्याला."

"आगं, मी तुमच्यातली न्हाई."

"चालतं. जिवावर बेतलं की कुणीही द्यावा, असं शिकवलंय आम्हाला. फादर यायला महिना आहे. तो तसाच गेला तर?"

"तसाच म्हंजे?" सिस्टरांचे हात चालूच होते. "देव काय तांब्याभर पान्यासाठी लेकराला दारात उभं करील? माझ्या बापानं असलं कधी शिकवलं न्हाई. लेकरू देवाचंच हाय. पानी घाला, न घाला."

"तुमचं खरं असेल. पण माझी आई मला विचारील, सिस्टर. मीच मला विचारीन."

सिस्टरांनी वर पाहिलं. फिलोमिनाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसत नव्हतं, पण सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा वाद मिटलेला मला दिसला. मला म्हणाल्या, "पानी आन."

घरातली घागर पालथी होती, म्हणूनच तर फिलोमिना रांगेत गेली होती. मी बाहेर आलो. बिराजदारकाकू उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. एरवी त्या मला पाणी वरूनच ओतून द्यायच्या, भांड्याला भांडं न लावता. त्या क्षणी त्यांनी घरात जाऊन आपला पितळेचा तांब्या भरून आणला आणि सरळ माझ्या हातात दिला. "जा लवकर," म्हणाल्या.

"नाव?" सिस्टरांनी विचारलं.

नाव ठरलं नव्हतं. वसईहून पत्र यायचं होतं. फिलोमिना नुसती रडायला लागली.

"आनंद," सिस्टर म्हणाल्या. मग ओंजळीत पाणी घेऊन बाळाच्या कपाळावर तीनदा सोडलं. "आनंद, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." बोलीत बोलणारी ही बाई एवढं वाक्य पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलली. आणि लगेच, "चल, रिक्षा चालू कर म्हनावं."

बाळ जगलं. दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं, सिस्टर ड्यूटी असो नसो तिथेच राहिल्या, आणि हळूहळू त्याच्या रडण्यानं वॉर्ड दणाणायला लागला. लोपीस आले तेव्हा ते सिस्टरांच्या पाया पडायला वाकले. "आमच्यात तसं न्हाई करत," म्हणत त्यांनी पाय मागे घेतले आणि डोळे पुसले.

पुढे फादर आले. उंच, म्हातारे, मराठी जपून बोलणारे. सिस्टर त्यांच्यासमोर चोरी पकडल्यासारख्या उभ्या. "मी मेथडिस्ट हाय. माझ्या हातून झालंय. पुन्हा करायचं आसंल तर करा."

फादर म्हणाले, "पुन्हा होत नाही. बाप्तिस्मा एकदाच. तुमच्या हातचा, माझ्या हातचा, एकच." नुसतं तेल लावणं, मेणबत्ती, पांढरं वस्त्र, एवढे राहिलेले विधी ते करणार होते. सिस्टर इतक्या खुलल्या की काही विचारू नका. पण मग लोपीस म्हणाले, "बाळाची धर्ममाता, गॉडमदर म्हणून सिस्टरच उभ्या राहतील."

फादरांनी समजावून सांगितलं. गॉडमदर कॅथलिकच हवी, असा नियम. सिस्टरांना साक्षीदार म्हणून उभं राहता येईल.

सिस्टर मोठ्यानं हसल्या. "घ्या! पानी घालायला चालते, मांडीवर घ्यायला चालत न्हाई!" फादरही हसले. पण संध्याकाळी पाहिलं तर सिस्टर ओसरीवर नुसत्याच बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसलो. म्हणाल्या, "नियम हाय त्येंचा. आमच्यात बी हायत. नियम मोडून मला उभं केलं असतं तर मलाच बरं वाटलं नसतं." मग, "पन लई वाटलं होतं रे."

विधीच्या दिवशी फिलोमिनाची नणंद गॉडमदर म्हणून बाळाला घेऊन उभी राहिली. सिस्टर एक पाऊल मागे, साक्षीदार म्हणून. वसईच्या आजीला संताचं नाव हवं होतं, म्हणून अँथनी जोडलं. गल्लीनं मात्र त्याला आनंद्याच म्हटलं. मलाही ते आवडायचं. आमच्याकडे आनंद म्हणजे तथागतांच्या शेवटापर्यंत जवळ राहिलेला शिष्य. हे मी सिस्टरांना सांगितलं, तर म्हणाल्या, "आस्सं? मग तुमचा बी वाटा हाय म्हना त्याच्यात."

आनंद रांगायला लागला आणि लोपीसांची नांदेडला बदली झाली. सिस्टर काही वर्षांनी निवृत्त झाल्या. आता त्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा मी देगलूरला नोकरीवर होतो. कळलं तेव्हा त्यांची माती होऊन दोन दिवस उलटले होते.

मला त्या आठवतात त्या नांदेडच्या चर्चमधल्या. आनंद चौथीत होता. त्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर तो पहिल्यांदा घेणार होता, आणि लोपीस आम्हाला बोलवायला स्वतः लातूरला आले होते. मी आणि सिस्टर एस.टी.नं गेलो. आत धुपाचा वास, भिंतीशी रंगीत मूर्ती. सिस्टर ताठ बसून सगळं पाहत होत्या.

प्रसादाची वेळ झाली आणि बाकंच्या बाकं उठून वेदीकडे निघाली. आमच्या बाकावरचेही उठले. आम्ही दोघंच उरलो.

"आपण नाही जायचं?" मी हळूच विचारलं.

"न्हाई. हितं त्येंच्यातल्यांनाच देतेत. आमच्या चर्चात आसतं तर मी तुला..." त्या थांबल्या. "न्हाई. तुला तिथं बी न्हाई दिलं आसतं."

आम्हाला हसू आवरेना. मग त्या समोर पाहत म्हणाल्या, "एकाच बापाची लेकरं. ताटं येगळी येगळी. कधी येकत्र जेवतील, देव जाने."

पांढऱ्या कपड्यातली मुलं हात जोडून, खाली पाहत ओळीनं परत येत होती. आमच्या बाकापाशी आनंद थांबला. मागचा मुलगा त्याच्यावर आपटला. पुढच्या बाकावरच्या ननबाईंनी त्याला ओळीत चल म्हणून खूण केली. तो माझ्या गुडघ्यांना ढकलून आत शिरला, सिस्टरांना चिकटून बसला आणि डोळे मिटून घेतले. पलीकडून फिलोमिनानं ननबाईंना मानेनंच सांगितलं, असू द्या.

हात कुठे ठेवावा हे सिस्टरांना कळेना. आधी तो बाकावर ठेवला. मग पदराशी नेला. मग त्याच्या पाठीवर ठेवला, आणि सगळं चर्च पुन्हा उभं राहून गायला लागलं तरी त्या दोघांपैकी कुणीच उठलं नाही.