दीपालीने काढलेली सोडत

आमच्या कर्वेनगरच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. कोण वाचणार ते चिटणीस महिपतीबापू ठरवायचे, आणि दरवर्षी तेच खड्या आवाजाचे चारजण वाचायचे. चिठ्ठ्या टाकल्या तरी कुणीतरी म्हणायचंच, बापूंना चिठ्ठीची घडी ओळखू येते. शेवटी दीपाली म्हणाली, "बापू, नाव कॉम्प्युटरला काढू द्या. त्याला ना सगं, ना सोयरं."

दीपाली म्हणजे चंद्रभागाअक्कांची सून. शनिवार पेठेतल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. कंपनीने टाकून दिलेला कॉम्प्युटर तिनेच रिक्षात मांडीवर धरून विहारात आणला होता. बोलायला कमी, पण हातातलं काम अर्धं सोडायची नाही.

अक्का त्याच वर्षी साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या होत्या. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मोठ्याने वाचायच्या. विहारात एकदा तरी वाचायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण आश्विन पौर्णिमेच्या, म्हणजे वर्षावास संपायच्या आत त्या धाकट्या मुलाकडे नागपूरला राहायला जाणार होत्या. तिकीटही काढलं होतं. रोज नाव निघायचं, ते दुसऱ्याचंच.

एका संध्याकाळी कुसुमचं नाव आलं. ती हसतच उठली. "काल माझी शेजारीण, परवा तिच्या पलीकडची. दीपाली, तुझा कॉम्प्युटर नावं काढतोय का आमच्या गल्लीत चहाला फिरतोय?"

सगळे हसले. दीपाली हसली नाही. वाचन झाल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसून राहिली. मी सतरंजी गुंडाळता गुंडाळता विचारलं, काय झालं?

"मावशी, याच्या पोटात चिठ्ठ्या नसतात. तो एक आकडा घेतो, त्याच्यावर ठरलेलं गणित करतो, अन् पुढचा आकडा काढतो. सुरुवात कोणत्या आकड्यापासून करायची, ते मी त्याला सांगितलंच नाही. मग चालू केला की तो रोज एकाच जागेवरून निघतो. ऑफिसात मी एकदा चालू करून भराभर नावं काढून पाहिली, ती छान विखुरली होती. इथे तो रोज बंद होतो. रोज पहिलाच आकडा."

तिने नावं घरांच्या ओळीने भरली होती. वाचून झालेलं नाव गळायचं आणि त्याच्या जागेजवळ शेजारचं यायचं. अक्कांचं घर गल्लीच्या तोंडाशी, यादीत पहिलं. तिथवर तो शेवटीच पोचणार होता.

कारणाशिवाय काही घडत नाही, हे आम्ही विहारात इतकी वर्षं ऐकतो. आम्ही मात्र कॉम्प्युटरला त्यातून सूट दिली होती.

"गुपचूप दुरुस्त कर आणि मोकळी हो," मी म्हणाले.

"आणि उद्या आईंचंच नाव आलं तर? लोक म्हणतील, सासूची जायची वेळ आली अन् मशीन सुधारलं."

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर तिने उभं राहून सगळं सांगितलं.

"वा!" बापू म्हणाले. "मी घडी ओळखतो म्हणून बदनाम, आणि तुझं यंत्र तर घरं ओळखतंय."

"हो बापू. चूक माझीच. आता उरलेली सगळी नावं एकदाच पिसायची. सुरुवातीचा आकडा घड्याळातून घ्यायचा, ज्या क्षणी बटण दाबलं जाईल त्या क्षणाचा. बटण तुम्ही दाबा. मनाला येईल तेव्हा."

बापूंनी डोळे मिटले, मनात काहीतरी म्हटलं, आणि बटण दाबलं. उरलेल्या दिवसांची नावं ओळीने छापलेला कागद सगळ्यांसमोर भिंतीला लावला. अक्कांचा दिवस तिकिटाच्या तारखेनंतर आला होता.

कागदावर दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या सोनालीची पाळी होती. ती म्हणाली, "आजी, माझा घसा बसलाय. उद्या तुम्हीच वाचा."

"सकाळी नळावर भांडत होतीस, तेव्हा चांगला होता की गं," अक्का म्हणाल्या. "नको बाई. बापूंनी सगळ्यांदेखत बटण दाबलंय. मला माझाच दिवस पाहिजे." मग थोरल्या मुलाकडे, दीपालीच्या नवऱ्याकडे वळल्या. "प्रज्ञेश, उद्या स्टेशनावर जा. तिकीट पुढचं घे."

दीपालीने सासूकडे पाहिलं आणि पदराने डोळे टिपले.

त्यांच्या दिवशी अक्का पांढरं पातळ नेसून आल्या. ओळीवर बोट ठेवून, जोडाक्षरापाशी थांबत, सावकाश वाचत गेल्या. वाचन नेहमीपेक्षा बरंच लांबलं. कुणी उठलं नाही.