दारातून न निघणारं टेबल

सुतारकाकांच्या गोल टेबलावर चष्मेवाल्याचं कोपर लागलं आणि साखरेची बरणी आडवी झाली. साखर सांडली, ते एक वेळ चाललं असतं. पण बरणीचं झाकण टेबलाच्या कडेवरून खाली उडालं आणि उभ्याउभ्या गडगडत कुठेतरी गडप झालं. गोल वस्तूंचा स्वभावच तो. पडल्या जागी मुकाट राहतील तर शपथ!

"दुनियेला चष्मे लावता आणि स्वतःला हाताजवळची बरणी दिसत नाही?" काका म्हणाले.

चष्मेवाला म्हणजे काकांचा वरच्या खोलीतला भाडेकरू. सडाफटिंग माणूस. दिवसभर दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी काकांकडे चहाला उतरायचं, एवढाच त्याचा संसार. आज मात्र तो एक कामगिरी घेऊन उतरला होता. काकांच्या लेकीने फोन करून गळ घातली होती, "रविवारी मी न्यायला येतेय. बाबा तिथे एकटे बसतात, मला इथे घास उतरत नाही. तुमचं ऐकतात ते. तेवढं समजवा ना!" याने भिडेपोटी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर हिशेब लक्षात आला. काका गेले की खालच्या मजल्याला कुलूप. मग संध्याकाळी उतरायचं कुठे? दुसऱ्याचं घर हलवायला निघालेल्या माणसाचं कोपर जागेवर कसं राहणार?

त्या टेबलाची गोष्ट अशी. पोरं लहान असताना खिडकीजवळच्या बाजूसाठी रोज हातघाईवर यायची. काकांनी वैतागून जुनं चौकोनी टेबल मोडलं आणि त्याच खोलीत बसून हे गोल केलं. "घ्या! आता कोपराच ठेवला नाही. भांडा बघू!" पोरं तरीही भांडली, तो भाग वेगळा. पण गोलाची खरी करामत पुढे कळली. थोरला नोकरीसाठी लांब गेला, तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या जरा जरा सरकवल्या आणि त्याची जागा बुजून गेली. धाकटा गेला, लेक लग्न होऊन गेली, तेव्हाही तेच. चौकोनी टेबलाची एक बाजू रिकामी पडली की डोळ्यांत खुपते. गोलाला बाजूच नाही. शेवटी काका आणि काकू समोरासमोर उरले. मग काकूही गेल्या. आता जेवायला खुर्ची एकच, आणि ती कुठेही सरकवली तरी समोर कुणी येत नाही. काका रोज जागा बदलून जेवतात. विचारलं तर म्हणतात, "पॉलिश सगळीकडून सारखं झिजायला नको?"

मागच्या खेपेला लेक सामान हलवणारी माणसंच घेऊन आली होती. काकांची अट एकच : "टेबल निघालं की मी निघालो." ते सुटं होत नाही, असं काकांनी आधीच बजावलं होतं, म्हणून माणसांनी अख्खं टेबल आडवं केलं, उभं केलं, तिरकंही करून बघितलं. पाय आधी बाहेर काढावा तर वरची चकती अडायची, चकती आधी काढावी तर पायाचे फाटे चौकटीला मिठी मारायचे. काका खुर्चीवर बसून शांतपणे बघत होते. "अगं, गटाराचं झाकण गोल का करतात? कसंही फिरवलं तरी आत पडत नाही म्हणून. हे तसंच, बाहेर पडत नाही." लेक हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली, बराच वेळ.

"झाकण शोधताय की चहा गार करताय?" काकांनी विचारलं.

चष्मेवाला चष्मा सावरत टेबलाखाली शिरला. झाकण खांबासारख्या मधल्या पायाला टेकून बसलं होतं. ते उचलताना त्याने वर पाहिलं, आणि पाहतच राहिला. वरची चकती पायावर चार स्क्रूंनी बसवलेली होती. चारच. ते काढले असते तर चकती चाकासारखी गडगडत दाराबाहेर गेली असती. तीन स्क्रू गंजून काळे पडले होते. चौथा अर्धाअधिक बाहेर आला होता आणि त्याच्या डोक्यावरची खरचट ताजी, लखलखीत होती. कुणीतरी तो काढायला घेतला होता आणि मध्येच हात आवरला होता.

वर काकांच्या कपबशीचा आवाज थांबला होता. खालून काकांचे फक्त पाय दिसत होते, एकमेकांवर घट्ट दाबून धरलेले.

"काका," तो खालूनच, हळू आवाजात म्हणाला, "हे टेबल तर सुटं होतं."

चष्मेवाल्याने बोटांनी तो चौथा स्क्रू चाचपला, नखाने थोडा आत फिरवून बघितला. मग कंबर धरत बाहेर आला, आणि झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आता लेकीला काय सांगू मी?"

काकांनी बरणी पुढे सरकवली.

"झाकण सापडलं म्हणून सांगा."